लिनक्समधील लॉजिकल व्हॉल्यूम व फाइल सिस्टिम यांचा आकारबदल : त्रुटिसंदेश आणि मार्गदर्शनपर लेखन यांची चिकित्सा

गोषवारा

लिनक्स प्रणालीवर साठवणीची जागा वाढविताना वा घटविताना येणाऱ्या त्रुटींकडे सामान्यतः यंत्राचा बिघाड म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या त्रुटिसंदेशांकडे आणि त्यांविषयीच्या मार्गदर्शनपर लेखनाकडे संहिता म्हणून पाहिले आहे. साठवणीचा प्रत्येक थर केवळ आपल्या सीमेपुरते बोलतो, आणि वाचक मात्र ते विधान संपूर्ण व्यवस्थेविषयीचे समजतो. या गैरसमजातून विदाहानी कशी घडते, हे काही ठळक संदेशांच्या आधारे येथे दाखविले असून मावळ परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, लॉजिकल व्हॉल्यूम, फाइल सिस्टिम, त्रुटिसंदेश, संगणक अध्यापन, मावळ.

प्रस्तावना

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव दाभाडे या लोहमार्गालगतच्या पट्ट्यातील महाविद्यालयांची संगणकीय गरज गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली. ग्रंथालयाची सूची, अंतर्गत गुणांच्या नोंदी, प्रवेशाची कागदपत्रे, मूल्यांकनासाठी जपावे लागणारे अहवाल व छायाचित्रे ही सारी सामग्री आता डिस्कवर साठविली जाते. परवाना शुल्क नसल्यामुळे अशा कामासाठी लिनक्सचा पर्याय स्वीकारला जातो. कोहासारखी ग्रंथालय प्रणाली तर मुळातच लिनक्सवर चालते. परंतु लहान महाविद्यालयात या यंत्रणेची देखभाल करण्यासाठी स्वतंत्र प्रशासक नेमला जाईल अशी स्थिती क्वचितच असते. संगणकशास्त्राचा अध्यापकच प्रयोगशाळेची आणि सर्व्हरचीही जबाबदारी सांभाळतो.

जागा संपली की विदागाराच्या नोंदी थांबतात आणि अध्यापकासमोर दोन मार्ग उरतात : नवा सर्व्हर घेणे किंवा आहे त्याच यंत्रावर जागा वाढविणे. दुसरा मार्ग लॉजिकल व्हॉल्यूम व्यवस्थापनामुळे सुलभ झाला आहे. तथापि याच मार्गावर सर्वाधिक गोंधळात टाकणारे संदेश भेटतात आणि घाईत दिलेल्या एका होकाराने वर्षभराच्या नोंदी नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित मानता येत नाही.

साठवणीचे थर : मावळातील तलावांचा दृष्टान्त

लिनक्ससाठी लॉजिकल व्हॉल्यूम व्यवस्थापक हाइन्त्स माउएल्सहागेन यांनी १९९८ च्या सुमारास लिहिला. एचपी-यूएक्स या प्रणालीतील व्यवस्थापकाचा आदर्श त्यामागे होता. पुढे लिनक्स कर्नलच्या २.६ या आवृत्तीतील ‘डिव्हाइस मॅपर’ या यंत्रणेवर त्याची दुसरी पिढी उभी राहिली. या कामाशी संबंधित सिस्टिना ही कंपनी २००३ च्या डिसेंबरमध्ये रेड हॅटने विकत घेतली. साठवणीच्या तंत्रज्ञानाशी पुणे शहराचाही जवळचा संबंध आहे. व्हेरिटास या साठवण-सॉफ्टवेअर क्षेत्रातील कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते आणि रेड हॅटचेही अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. मराठीसाठी वापरला जाणारा ‘लोहित’ हा मुक्त टंक रेड हॅटच्याच प्रयत्नांतून पुढे आला. ज्या तंत्रज्ञानाचे जाणकार लोणावळ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर काम करतात, त्याचे मराठीतील विवेचन मात्र दुर्मीळ आहे.

या व्यवस्थेची रचना मावळातील वाचकाला परिचित उदाहरणाने समजावून देता येते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तलाव बांधले. त्यांचे पाणी एकत्र आणून खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरून नळांद्वारे सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले जाते. १९१५ पासून या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. वीजगृहाला पाणी कोणत्या तलावातून आले याच्याशी कर्तव्य नसते. त्याला एकत्रित साठा दिसतो.

लॉजिकल व्हॉल्यूमची कल्पना अशीच आहे. डिस्क किंवा तिचे पार्टिशन म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम. अशा अनेक डिस्कांचा एकत्रित साठा म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप. आणि त्या साठ्यातून विशिष्ट कामासाठी कापून दिलेला वाटा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. हा वाटा ‘एक्स्टेंट’ नावाच्या ठरावीक तुकड्यांत मोजला जातो. रूढ व्यवस्थेत एक एक्स्टेंट ४ मेबिबाइटचा असतो. या वाट्यावर फाइल सिस्टिम उभारलेली असते आणि ती आपली जागा ‘ब्लॉक’मध्ये मोजते, तिचा ब्लॉक सामान्यतः ४ किबिबाइटचा असतो. म्हणजे एका एक्स्टेंटमध्ये १,०२४ ब्लॉक मावतात. हे साधे गुणोत्तर लक्षात ठेवले तर पुढील अनेक संदेशांतील आकडे आपोआप उलगडतात.

या दृष्टान्ताची एक मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. एक तलाव आटला तरी बाकीच्यांचे पाणी वापरता येते. दोन डिस्कांवर पसरलेल्या साध्या लॉजिकल व्हॉल्यूममधील एक डिस्क निकामी झाली, तर मात्र त्यावरील संपूर्ण फाइल सिस्टिम धोक्यात येते. साठा एकत्र करणे म्हणजे तो सुरक्षित करणे, हा समज चुकीचा आहे.

आकारबदलाचा क्रम

धरणाची भिंत आणि पाणी यांच्या संबंधातून आकारबदलाचा मूलभूत नियम सांगता येतो. साठा वाढवायचा तर आधी भिंत उंच करावी लागते, मग पाणी चढू द्यायचे. भिंत उतरवायची असेल तर आधी पाणी खाली न्यावे लागते, मग भिंतीला हात लावायचा. लॉजिकल व्हॉल्यूम ही भिंत आणि फाइल सिस्टिम हे पाणी मानले, तर वाढ खालून वर आणि घट वरून खाली करावी लागते.

वाढविताना डिस्क, फिजिकल व्हॉल्यूम, लॉजिकल व्हॉल्यूम आणि शेवटी फाइल सिस्टिम असा क्रम असतो. यात एखादी पायरी सुटली तर विदाहानी होत नाही. फक्त काम अपुरे राहते. घटविताना मात्र फाइल सिस्टिम प्रथम आणि लॉजिकल व्हॉल्यूम नंतर. येथे क्रम उलटला तर फाइल सिस्टिमचा शेवटचा भाग तिच्या पायाखालून काढून घेतला जातो. दोन्ही कामांच्या आज्ञा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या चुकांचे परिणाम असे अत्यंत विषम असतात. या विषमतेचे भान देणे हे मार्गदर्शनपर लेखनाचे पहिले कर्तव्य ठरते.

त्रुटिसंदेशांचे वाचन

१. ‘मोकळी जागा अपुरी’ : महाविद्यालयाने ५०० जीबीची नवी डिस्क घेतली, ती साठ्यात सामील केली आणि ‘एलव्हीएक्स्टेंड’ या आज्ञेने ५०० ‘जी’ वाढ मागितली, तर एवढे एक्स्टेंट उपलब्ध नाहीत असे उत्तर मिळते. डिस्कचा उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजतो. आज्ञेतील ‘जी’ मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा असतो. त्यामुळे डिस्कवर प्रत्यक्षात ४६५ गिबिबाइटांहून थोडी अधिक जागा असते. मागणी १,२८,००० एक्स्टेंटची होते आणि हाती सुमारे १,१९,२०० च असतात. डिस्क सदोष नसते, विक्रेत्यानेही फसविलेले नसते. दोन मापनपद्धतींची ही गफलत असते. उपलब्ध जागेच्या १०० टक्के वाढ मागितल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

२. ‘फाइल सिस्टिम आधीच एवढ्या ब्लॉकची आहे, करण्यासारखे काही नाही’ : ‘रिसाइझ-टू-एफएस’ या आज्ञेचे हे उत्तर अनेकांना उद्धट वाटते. वस्तुतः ते प्रामाणिक आहे. फाइल सिस्टिमने खाली पाहिले आणि भिंत पूर्वीच्याच उंचीवर आढळली, एवढाच त्याचा अर्थ. आभासी यंत्राची डिस्क मोठी केली पण ‘पीव्हीरिसाइझ’ ही आज्ञा दिली नाही, किंवा लॉजिकल व्हॉल्यूमच वाढविला नाही, तर हा संदेश येतो. कोणत्या थरावर काम अडले हे मात्र संदेश सांगत नाही, कारण खालच्या थरांची माहिती ठेवणे हे त्या आज्ञेचे कामच नाही. ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’ आणि ‘एलव्हीएस’ या तीन आज्ञांनी प्रत्येक थराचा आकार क्रमाने तपासला की अडलेली पायरी सापडते.

३. ‘सुपरब्लॉकमध्ये चुकीचा मॅजिक नंबर’ : शब्दयोजनेच्या दृष्टीने हा संदेश सर्वाधिक घातक आहे. सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टिमचे ओळखपत्र. ईएक्सटी कुळातील फाइल सिस्टिम त्यात ‘ईएफ५३’ ही सोळा-आधारी खूण लिहून ठेवते. ‘रिसाइझ-टू-एफएस’ ही आज्ञा तीच खूण शोधते आणि ती न दिसल्यास हा संदेश देते. नवख्या वाचकाला यातून फाइल सिस्टिम बिघडल्याचा बोध होतो. बहुतेक वेळा वस्तुस्थिती अगदी साधी असते : ती फाइल सिस्टिम ईएक्सटी कुळातील नसून एक्सएफएस असते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या २०१४ मधील ७ व्या आवृत्तीपासून एक्सएफएस हीच त्या कुटुंबातील रूढ फाइल सिस्टिम झाली. त्यापूर्वीच्या टिपणांवरून शिकलेल्या अध्यापकाची कृती त्यामुळे एकाएकी चालेनाशी झाली. एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ ही वेगळी आज्ञा आहे आणि तिला माउंट केलेली निर्देशिका सांगावी लागते. ‘बिघडले’ असे समजून नव्याने फॉरमॅट करणारा मनुष्य शाबूत विदा स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. येथे हानी घडवून आणते ती संदेशाची भाषा.

४. ‘सुपरब्लॉक किंवा पार्टिशन टेबल बिघडलेले असण्याची शक्यता आहे, थांबावे काय?’ : घटविण्याचा क्रम उलटला की तपासणीची आज्ञा ‘ई-टू-एफएस-सीके’ हा प्रश्न विचारते. समजा, ५० गिबिबाइटचा व्हॉल्यूम आधी ४० वर आणला. फाइल सिस्टिमच्या लेखी तिच्याकडे अजूनही १,३१,०७,२०० ब्लॉक असतात. उपकरणावर मात्र १,०४,८५,७६० च उरलेले असतात. संदेश हे दोन्ही आकडे देतो आणि निदान मात्र चुकीचे सुचवितो. सुपरब्लॉक बिघडलेला नसतो. लॉजिकल व्हॉल्यूमच्या बाबतीत पार्टिशन टेबलाचा तर संबंधच येत नाही. फाइल सिस्टिम थेट पार्टिशनवर उभारण्याच्या व्यवस्थेतली ही शब्दरचना आहे. आकडे खरे, अर्थ दिशाभूल करणारा, असे त्याचे स्वरूप आहे.

या ठिकाणी ‘होय’ म्हणजे थांबणे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ‘एलव्हीरिड्यूस’च्या प्रश्नाला ‘होय’ म्हणजे पुढे जाणे असते. एकाच कामातील दोन आज्ञांमध्ये होकाराचा अर्थ असा उलटतो. थांबून व्हॉल्यूम पूर्वीच्या आकाराला नेणे हाच येथे योग्य उपाय होय. व्हॉल्यूम ग्रुपच्या रचनेची पूर्वीची प्रत ‘ईटीसी’ निर्देशिकेतील एलव्हीएमच्या ‘आर्काइव्ह’ या उपनिर्देशिकेत साध्या मजकुराच्या रूपात ठेवलेली असते. ‘व्हीजीसीएफजी-रिस्टोर’ या आज्ञेने व्हॉल्यूम त्याच जुन्या एक्स्टेंटवर पुन्हा बसविता येतो. सुटलेल्या जागेवर मधल्या काळात काही लिहिले गेले नसेल, आणि जागा सुटताच ती पुसण्याची सूचना डिस्कला देणारी रचना चालू नसेल, तर विदा जशीच्या तशी परत मिळते. दुरुस्तीच्या नावाखाली तपासणी पुढे रेटणे मात्र ही संधी घालविण्यासारखे आहे.

मार्गदर्शनपर लेखनाची मर्यादा

या विषयावरील बहुतेक टिपणे पाककृतीसारखी असतात : अमुक आज्ञा द्या, मग अमुक द्या, काम झाले. या पद्धतीचे तीन दोष संभवतात.

पहिला दोष असा की पाककृती कारण सांगत नाही. ‘आधी तपासणी करा’ असे ‘रिसाइझ-टू-एफएस’ने बजावले की विद्यार्थी ते एक अडथळा समजतो. घटविताना ब्लॉकांचे स्थलांतर करावे लागते आणि मूळ नोंदीच सदोष असतील तर चुकीचे स्थलांतर होईल, हे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा दोष चिन्हांविषयीचा आहे. ‘एलव्हीरिड्यूस’ला आकार देताना वजाचे चिन्ह लावून १०जी म्हटले तर आकार १० ने घटतो, चिन्ह गाळले तर आकार १० पर्यंत खाली येतो. ५० गिबिबाइटच्या व्हॉल्यूमबाबत पहिल्या लेखनाने ४० उरतात आणि दुसऱ्याने १० च. एका आडव्या रेघेवर ३० गिबिबाइटचे भवितव्य अवलंबून असते. छापील टिपणात ही रेघ ओळीच्या शेवटी तुटली वा संयोगचिन्ह समजून गाळली गेली, तर वाचकाला चूक कळण्यास वाव नसतो.

तिसरा दोष म्हणजे कालबाह्यता. फाइल सिस्टिम कोणती आहे हे आधी तपासण्याची पायरी पाककृतीत नसेल, तर ती लिहिणाऱ्याच्या यंत्रावर आणि त्याच काळापुरती खरी असते. ईएक्सटी-४ माउंट असतानाही वाढविता येते, पण घटविताना ती अनमाउंट करावीच लागते. एक्सएफएस वाढविता येते, परंतु व्यावहारिक अर्थाने घटविता येत नाही. हा भेद न सांगणारे टिपण अपूर्णच म्हणावे लागेल.

तथापि सारा दोष टिपणे लिहिणाऱ्यांवर टाकणेही न्याय्य ठरणार नाही. खुद्द ‘एलव्हीरिड्यूस’ची जुनी सूचना समीक्षेस पात्र आहे. या कृतीने विदा नष्ट होऊ शकते, असे ती मोठ्या अक्षरांत बजावत असे. परंतु फाइल सिस्टिम आधी योग्य रीतीने घटविली असो वा नसो, सूचना तीच येई. योग्य क्रमाने काम करणाऱ्यालाही तोच धाक आणि चुकणाऱ्यालाही तोच. जी धोक्याची घंटा प्रत्येक वेळी वाजते ती कोणीच ऐकत नाही. ‘होय’ टंकण्याची सवय अशा सूचनांनीच लावली.

२०२२ मधील बदल

ही मर्यादा साधनांच्या रचनाकारांनाही जाणवली असे दिसते. लॉजिकल व्हॉल्यूम व्यवस्थापकाच्या २०२२ मध्ये आलेल्या २.०३.१७ या आवृत्तीपासून ‘एलव्हीरिड्यूस’ ही आज्ञा आधी वरच्या फाइल सिस्टिमचा आकार पाहते. तो मागितलेल्या आकारापेक्षा मोठा असल्यास ती सरळ नकार देते आणि फाइल सिस्टिम आधी घटवावी लागेल असे सांगते. खालच्या थराने वरच्या थराची विचारपूस करावी, हा या बदलाचा गाभा आहे. सरसकट सूचनेची जागा प्रसंगानुरूप नकाराने घेतली. महाविद्यालयांतील जुन्या यंत्रांवर पूर्वीच्या आवृत्त्या चालू असण्याची शक्यता असल्याने केवळ या संरक्षणावर विसंबणे मात्र उचित नाही.

संभाव्य आक्षेप

‘दोन्ही थर एकाच आज्ञेने बदलण्याचा पर्याय उपलब्ध असताना एवढा ऊहापोह कशासाठी?’ असा आक्षेप घेता येईल. ‘रिसाइझएफएस’ हा पर्याय जोडल्यास क्रम खरोखरच आपोआप पाळला जातो आणि दैनंदिन कामात तोच वापरावा. परंतु काम मध्येच अडले की येणारा संदेश पुन्हा एखाद्या एकाच थराचा असतो, आणि तेव्हा थरांचे ज्ञान नसलेला मनुष्य हतबल होतो. वर्गात आधी दोन स्वतंत्र आज्ञा आणि नंतर एकत्रित पर्याय, हा क्रम म्हणूनच श्रेयस्कर होय.

दुसरा आक्षेप असा की लहान संस्थेने लॉजिकल व्हॉल्यूमच्या भानगडीत पडूच नये, साधी पार्टिशने पुरेशी आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. एकच डिस्क आणि स्थिर गरज असेल तर अतिरिक्त थर हा अतिरिक्त भार असतो. परंतु गरज दरवर्षी वाढते आणि खरेदी मात्र अनुदानाच्या सवडीने होते, अशा परिस्थितीत टप्प्याटप्प्याने वाढणारी साठवण संस्थेच्या हिताची ठरते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. (१) सर्व जागा सुरुवातीसच वाटून टाकू नये. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये काही एक्स्टेंट शिल्लक ठेवल्यास पुढे वाढविण्याचे सोपे काम करावे लागते, घटविण्याचे जोखमीचे काम टळते. (२) घटविणे अटळ असल्यास फाइल सिस्टिम ठरलेल्या आकाराहून थोडी अधिक लहान करावी, मग व्हॉल्यूम घटवावा आणि शेवटी फाइल सिस्टिम उरलेल्या जागेपर्यंत पसरू द्यावी. त्यामुळे एककांच्या गफलतीला वाव राहत नाही. (३) बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. (४) लोणावळा परिसरात पावसाळ्यात अतिवृष्टीच्या दिवसांत वीज खंडित होण्याची शक्यता असते. ब्लॉकांचे स्थलांतर चालू असताना वीज गेल्यास फाइल सिस्टिम मोडू शकते. असे काम यूपीएसची खात्री करूनच, आणि शक्य तर कोरड्या ऋतूतील सुट्टीत करावे. (५) कामापूर्वी तिन्ही थरांच्या आकारांची नोंद कागदावर करून ती वहीत ठेवावी. (६) प्रयोगशाळेत सरावासाठी एखाद्या फाइलला डिस्क मानून क्रम मुद्दाम उलटा करावा, त्रुटी घडवून आणावी आणि विद्यार्थ्याकडून तिचे मराठीत स्पष्टीकरण लिहून घ्यावे.

समारोप

आकारबदलातील त्रुटिसंदेश खोटे बोलत नाहीत. ते अर्धे बोलतात. प्रत्येक संदेश एका थराची साक्ष असतो आणि इतर थरांची साक्ष काढल्याखेरीज निवाडा करता येत नाही. साहित्याच्या अध्यापकाला संहितेतील निवेदक कोण हे विचारण्याची सवय असते. संगणकाच्या अध्यापकानेही ‘हे कोणता थर सांगत आहे?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडला पाहिजे. आज्ञा कालांतराने बदलतील, फाइल सिस्टिमही बदलतील. भिंत आणि पाणी यांचा क्रम मात्र बदलणार नाही. तो समजलेला विद्यार्थी अपरिचित संदेशासमोरही ‘होय’ टंकण्यापूर्वी थांबेल, आणि ग्रंथालयाच्या सूचीपासून गुणांच्या नोंदींपर्यंत संस्थेची स्मृती सुरक्षित राहील.